पाठीमागची बोटं

शेवटचा सूर घुमत ठेवून तो गिटारवरचा उजवा हात पाठीमागे न्यायचा आणि बोटं दाखवायचा. चार बोटं म्हणजे पुढचा तुकडा चार मात्रांत, तीन म्हणजे तीन. सात असतील तर आधी सगळा पंजा, मग दोन. मी ड्रमवर, म्हणजे त्याच्या मागे. लोकांनी त्याचा चेहरा पाहिला. मी दोन वर्षं त्याची पाठ पाहिली. घामानं अंगाला चिकटलेला शर्ट आणि त्यावर ती बोटं. त्याच्याबद्दल लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करता येते.

घाटकोपरला आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दर रविवारी सकाळी शटर अर्धं ओढून आत आमचा बँड वाजवायचा. बाकीचे दोघे, दुसरा गिटारवाला आणि बेसवाला, मुलुंडहून यायचे. आम्ही हेवी मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवायचो. हा शब्दही मी त्याच्याकडूनच ऐकला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, पण कॉलेजातली इंग्रजी बोलणारी मुलं पाहिली की माझा आवाज बसायचा. गणपतीच्या आरतीत मी ढोलकी वाजवत होतो, तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला.

"हात चांगला आहे रे तुझा. रविवारी ये."

गिटारचा आवाज फाटावा म्हणून त्यानं एका बिस्किटांच्या डब्यात स्वतः सर्किट जोडलं होतं. एकदा रेडिओ न्यायला आलेल्या आजोबांनी तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "अहो, माझा रेडिओ असाच ओरडतो, म्हणून तर तुमच्याकडे टाकलाय!" तो आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होता.

आमचं एक गाणं हमखास चालायचं. सुरुवातीला एकटी गिटार, मग ड्रम, दोन कडवी, सगळ्यांनी मिळून आरोळी, आणि शेवटी दुप्पट वेगानं धावायचं. दुकानाच्या भिंतीवर तो खडूनं गाण्याचे चौकोन काढायचा, एका तुकड्याला एक चौकोन. त्या गाण्याचे चौकोन आम्हाला पाठ होते. दुसरा गिटारवाला प्रत्येक नवं गाणं त्याच चौकोनांत बसवायला बघायचा.

"पब्लिकला तेच पाहिजे ना यार."

"ते झालं ना वाजवून?" असं म्हणून तो फडक्यानं भिंत पुसून टाकायचा. "पुढे बोल."

हे त्याचं वाक्य. मी ते माझ्या अर्थशास्त्राच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. तुम्हालाही असं कुणी भेटलं असेल, ज्याचं एक वाक्य आपण स्वतःचं म्हणून वापरू लागतो.

एका रविवारी बाकीचे अजून यायचे होते. मी रिकाम्या खोक्यावर बोटांनी आमच्या गावचा ठेका वाजवत बसलो होतो. शिमग्याला पालखी नाचवताना आमच्या वाडीत वाजतो तो, सात मात्रांचा. त्याचा हात सोल्डरिंग करता करता थांबला.

"परत वाजव."

त्याच्या तोंडून 'परत' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी लाजून म्हणालो, "हे आमचं गावाकडचं आहे, दादा. उगाच आपलं."

"उगाच कसलं? वाजव."

चार महिने आम्ही त्या एका गाण्यावर घालवले. जाड तार सैल करून तिचा सूर उतरवला, की गिटारमधून लांबून येणाऱ्या ढोलासारखा आवाज निघायचा. ठेका पक्का करायला तो आमच्या खोलीवर आला. गिरणी बंद पडल्यापासून बाबा विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमन होते आणि घरात फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी पाट उपडा करून मांडीवर घेतला.

"असा नाय रं! हात सैल सोड. खांद्यावर पालखी हाय तुझ्या, पोतं नाय."

तो शहाण्या मुलासारखा ऐकत होता. निघताना म्हणाला, "काका, अंधेरीला कॉलेजात स्पर्धा आहे. तुम्ही यायचंच. हेच वाजवणार."

बाबांनी ड्युटी बदलून घेतली.

स्पर्धा दुपारी होती, कॉलेजच्या मैदानावर. प्रत्येक बँडला एकच गाणं. परीक्षकांत जुहूच्या एका हॉटेलासाठी वादक निवडणारे गृहस्थ होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या आधीच्या बँडनं काहीतरी वेगळं वाजवलं, तर मुलांनी कागदाचे बोळे फेकून त्यांना खाली उतरवलं.

आम्ही चढलो. बाबा कुंपणाजवळ उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं पहिला सूर छेडला, हात मागे नेला. मी पंजाची वाट पाहत होतो.

चार बोटं.

मला वाटलं, तो चुकला. पण दुसरा गिटारवाला तेवढ्यात जुनं गाणं सुरू करून मोकळा झाला होता, आणि त्याच्या जाड तारेचा सूर उतरवलेला नव्हता. तिघांचंही आधीच ठरलं होतं. मला एकट्याला सांगितलं नव्हतं.

त्यानं बोटं पुन्हा हलवली. चार. मी वाजवलं. हात थांबवता आला असता, हे मी अजून स्वतःला सांगतो; पण थांबवला नाही. मैदान उड्या मारत होतं. आम्ही पहिले आलो.

बाबा गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आपला कधी हाय? आता हाय ना?"

मी म्हणालो, "वेळ संपली, बाबा."

ते गेल्यावर मी त्याच्यापाशी गेलो. तो वायर गुंडाळत होता.

"सांगायचं तरी, दादा."

"सांगितलं असतं, तर तू वाजवलं असतंस?" त्यानं वर न पाहता विचारलं. "पोरांनी काय केलं ते बघितलंस ना? जिंकलो की नाही?"

"ते झालं ना वाजवून?" मी म्हणालो.

इतकं उलट मी त्याला कधी बोललो नव्हतो. त्यानं गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला लागला.

पुढच्या रविवारी मी फक्त माझ्याकडे असलेली दुकानाची जादा किल्ली परत करायला गेलो. भिंतीवर त्या जुन्या गाण्याचे चौकोन होते. या वेळी ऑइलपेंटनं काढलेले. फडक्यानं पुसता येणार नव्हते.

"बस ना, चहा सांगतो," तो म्हणाला. मी बसलो नाही. थोड्याच दिवसांत त्याला हॉटेलात घेतलं आणि दुकान बंद झालं.

नंतर एकदाच पाहिला त्याला. वर्गातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न जुहूच्या त्याच हॉटेलच्या हिरवळीवर होतं. कोपऱ्यात बँड सिनेमातली गाणी वाजवत होता, आणि तो पांढऱ्या कोटात उभा होता. इतका वेळ त्याला वाजवताना समोरून मी प्रथमच पाहत होतो. चेहरा मला वाटला होता त्याहून भित्रा होता. मला राग आणायचा होता, तो धड येईना.

गाणं संपत आलं. शेवटचा सूर घुमत ठेवून त्यानं उजवा हात पाठीमागे नेला. समोरून बोटं दिसत नाहीत. मी मागच्या ड्रमवाल्याकडे पाहिलं.

त्यानं मान वर केलीच नाही. पुढचं गाणंही त्यानं त्याच ठेक्यात सुरू केलं, आणि दादाचा पाठीमागचा तो हात थोडा वेळ तसाच राहिला.