फटीतल्या चिंध्या

चंद्रपुरात आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या, सात माणसं आणि मालकाचा तोरा. फ्रिजला लागणारे स्टॅबिलायझर आम्ही बनवायचो. आयटीआय करून मी तिथे लागलो होतो. हवा खेळावी म्हणून डब्याला बोटभर रुंद फटी ठेवलेल्या. आमच्याकडच्या पाली उबेला त्यातून आत शिरायच्या आणि तारांवर चिकटून मरायच्या, की डबा बंद. "भाऊ, आतून जाळी लावू," असं मी मालकाला तीनदा सांगितलं.

"मुंबईच्या कंपनीच्या डब्याले जाळी असते काय? मोठा आला इंजिनेर!" तो म्हणाला.

मग कुरखेड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यातून तक्रार आली. स्टॅबिलायझर जळाला, फ्रिजमधल्या लसी वाया गेल्या. मालकाने मला एसटीने धाडलं. पाहतो तर सगळ्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. हवाच नाही, जळणार नाही तर काय!

तिथली मदतनीस बाई जवळच्याच गोंड वस्तीतली. ती स्वतःच पुढे आली. "दोन डाव पाली मेल्या जी आतमंदी. फ्रिज बंद पडे, लसी खराब होतीन म्हून मीच बुजवलं. हवा लागते म्हून मले कोणी सांगतलंच नाई."

कोण सांगणार? डब्यासोबत आमचा माहितीचा कागद जायचा, तोही इंग्रजीत. मला आमचीच चीड आली.

परतल्यावर मी अहवालात सगळं लिहिलं. मोठ्या फटी, नसलेली जाळी, इंग्रजी कागद. मालकाने तो टराटरा फाडला आणि दुसरा टाइप करवला: वापरणाऱ्या मदतनीस बाईच्या निष्काळजीपणामुळे बिघाड. चोराच्या उलट्या बोंबा!

"कर सही," तो म्हणाला. "बाई हंगामी हाये, जाईन त जाईन. दवाखान्याची ऑर्डर गेली त तुम्ही सातही जन घरी बसान."

मी सही केली. पंधरवड्यात बाईला कामावरून काढल्याचं कळलं. ज्या लसी वाचवायला ती धडपडली, त्याच नासवल्याचा ठपका तिच्यावर.

मालकाचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं. पण त्याला शिव्या देऊन मी सुटत नाही. माझ्या बापाने आयुष्यभर अंगठे दिले, कशाकशावर ते त्यालाच ठाऊक नव्हतं. पन्नाशीला टेकल्यावर तो सही शिकला आणि मला बजावलं, "वाचल्याबिगर सही करू नोको, बापू."

मी तर तो कागद दोनदा वाचला होता.