पितळी डब्यातला समुद्रतळ

आमच्या रत्नागिरीत बोलणारे वकील फार, ऐकून घेणारे कमी. त्यातून मी शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर. माझं कोण ऐकतो!

माझा आतेभाऊ समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता. तुटलेली तार वर ओढली की तिला तळाचा गाळ चिकटून येई. माझ्या विनवण्या ऐकून त्याने पितळी डबाभर गाळ आणला आणि आत्याच्या हाती माझ्याकडे पाठवला. त्या गाळात डायाटम असतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, पण कवच काचेचं. शेवाळ मरतं, कवच तळाशी साचून राहतं. काही जाती थंड पाण्यातल्या, काही उबदार, काही उथळ किनाऱ्याच्या. कुठली कवचं सापडतात त्यावरून फार पूर्वी तिथला समुद्र कसा होता ते कळतं. असा गाळ मला या जन्मी पुन्हा मिळणार नव्हता.

वरचा चमचाभर आम्लात धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सगळी कवचं उथळ पाण्यातली! खोल समुद्रात ही आली कुठून? मी वाचनालयात बोलून गेलो. झालं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. परशुरामाने समुद्र हटवला त्याचा पुरावा मिळाला, असं तिथल्या ज्येष्ठ वकिलांनी जाहीर करून टाकलं आणि सभा ठरवली.

सभेच्या आदल्या दिवशी आत्या आली. डबा होडीतून उतरताना कलंडला आणि निम्मा सांडला होता, हे तिने सहज सांगितलं.

"उणा डबा भाच्याच्या घरी द्यायचा कसा रे? भाट्याच्या खाडीतला चिखल वर घातला नि भरून दिला."

मी कपाळाला हात लावला. तरी खालचा गाळ अस्सल होता. वरचा थर खरवडला की माझं काम सुरू, या विचाराने मला हायसं वाटलं.

सभेत मी हे सगळं सांगितलं. वरची कवचं आपल्याच खाडीतली, यात पुरावा कसला नि परशुराम कसला! अध्यक्षस्थानी तेच वकील. मास्तर फार विनयशील आहेत, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पालथ्या घड्यावर पाणी. एवढ्या शिकलेल्या डोक्यांत एवढीशी गोष्ट शिरू नये, याची मला अजून चीड येते.

पुढच्या आठवड्यात शाळेतून घरी आलो, तर डबा जागेवर नाही. वाचनालयात मांडायला वकीलसाहेब घेऊन गेले, बायको म्हणाली. मी तसाच धावलो. काचेच्या कपाटात डबा झळकत होता. झाकण काढलं. आत लख्ख पितळ.

"चिंच लावून घासून घेतला," वकील कौतुकाने म्हणाले. "केवढा चिखल होता हो आत."