तलावावरची सहल

डिसेंबरातला पहिला सोमवार. रक्कम ऐंशी रुपये. हजर: शाळेचे मुख्याध्यापक, सहावीच्या वर्गशिक्षिका, मी, माझी मुलगी भावना आणि माझ्यामागे रांगेत उभे असलेले रिक्षावाले आबा.

पैसे सहलीचे होते. सहल बुधवारी, मेहरूण तलावावर. आम्ही मेहरूणमध्येच राहतो. गच्चीतून तलाव दिसतो. तरी भावना शनिवारी नाचत घरी आली होती. "आई, माझी निवड झाली! वर्गातल्या थोड्याच जणांची झालीय." तिची आजवर कशातच निवड झालेली नव्हती. मी शेजारणीलाही सांगून आले.

पैसे टेबलावर ठेवले आणि सहज मागे पाहिलं. आबा. त्यांच्यामागे धुणीभांडी करणारी एक बाई. तिच्यामागे रात्रपाळीचा वॉचमन. फाटकात एकही कार नव्हती. या वर्गातल्या डॉक्टरांच्या मुली, वकिलांची मुलं? त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

मी विचारलं, "सर, बुधवारी तर देशभर ती सरकारी चाचणी आहे ना?"

वर्गशिक्षिका बाईंनी मान खाली घातली. सरांनी घातली नाही.

"आहे. म्हणूनच. ताई, त्या चाचणीत मुलांचा निकाल लागत नाही, शाळेचा लागतो. वर्गात बसतील त्यांची सरासरी. तुमच्या मुलीला अपूर्णांक येत नाहीत. घरात तुम्ही अहिराणी बोलता, अभ्यासाचं वातावरण नाही. दोष देत नाही मी. पण बाकीच्यांचं नुकसान कशाला? त्यापेक्षा मुलांना खिचडी खाऊ द्या, खेळू द्या."

भावना माझ्या शेजारी उभी होती. मुलीसमोर बोलले. हळू आवाजातही नाही.

मी पतपेढीत कारकून आहे. माहेर धुळ्याकडचं, घरात अहिराणी बोलतो, खरं आहे. आणि सरासरी मला कळते. लहान आकडे काढून टाकले की सरासरी वाढते. वाढलेलं मात्र कुणी नसतं.

हे मला त्या टेबलासमोर सुचलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "बरं सर."

पैसे तिथेच राहिले. मी बाहेर आले.

फाटकाशी आबांनी गाठलं. हसत म्हणाले, "ताई, आपला पोरे व्हीआयपी शेतस! बाकीना बठ्ठा परीक्षा देतीन, आपला खिचडी खातीन." मी हसले नाही. मग त्यांचंही हसू गेलं. रिक्षाच्या हँडलवरची धूळ उगाच पुसत राहिले.

घरी भावनाने सहलीसाठी काढून ठेवलेला फ्रॉक परत कपाटात घातला. मी काही सांगितलं नव्हतं. तिने सगळं ऐकलंच होतं.

"आई, मी बसले तर शाळा नापास होईल?"

"नाही."

"मग मला का लपवताहेत?"

माझ्याकडे "बरं सर" एवढंच होतं, आणि ते मी देऊन बसले होते.

बुधवारी तिने गणवेश घातला. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा फाटकात बस उभी होती, पोरं खिडक्यांतून ओरडत होती. सर पुढे आले. "ताई, बस थांबलीय."

"जाऊ द्या. ही वर्गात बसणार आहे."

"आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी 'बरं' म्हणाले, ती चूक माझी. आज दुरुस्त करते."

सरांचा चेहरा आवळला. "उद्यापासून हिला याच शाळेत यायचंय, एवढं लक्षात ठेवा."

चाचणी घ्यायला बाहेरून आलेल्या मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही सहावीची विद्यार्थिनी. आज हजर आहे."

मॅडमनी सरांकडे पाहिलं, मग भावनाकडे. "आत ये, बाळ."

मागून आबांचा आवाज आला. बसच्या दारात उभे राहून ते आपल्या मुलाला हाक मारत होते. "उतर रे! पेपर शे तुना."

तो उतरला. बाकीचे नाही. बस निघाली तेव्हा पोरं आम्हाला हात करत होती. त्यांना अजून वाटत होतं, आपली निवड झालीय.

भावनाची किती उत्तरं बरोबर आली ते कधीच कळणार नाही. बाहेर येऊन म्हणाली, "अपूर्णांक नाही आले. बाकीचं लिहिलं." सर आता मला नमस्कार करत नाहीत. वर्गात तिला मागच्या बाकावर बसवलंय. त्यासाठीही मी जाणार आहे. पुढच्या चाचणीला बसच्या दारात मी उभी असेन, आणि आत चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईबापाला ही निवड कसली असते ते आधी घरी जाऊन सांगितलेलं असेल.

ऐंशी रुपये परत आले नाहीत. ते बसवाल्याला गेले. मीही मागितले नाहीत. माझ्या मुलीला लपवण्यासाठी मी दिलेले ते शेवटचे पैसे.