दाराबाहेरचं पांढरं

मुंगीला मुंगी हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं, ती चालायला लागली तेव्हाच. हातात काही नाही अशी ती कधी दिसायचीच नाही. कोणाचा मोजा, कोणाचा रुमाल, कोणाच्या पँटचा पट्टा, जे सापडेल ते ओढत लाँड्रीच्या या टोकाकडून त्या टोकाला. आता पोरगी एकोणीस वर्षांची झाली, टोकं मात्र तीच दोन.

लाँड्री म्हणजे पुढे काउंटर, मागे धुण्याची दोन मशिनं, त्यामागे इस्त्रीचं टेबल आणि वर राहायच्या दोन खोल्या. मशिनं बाबांची, इस्त्री आईची, काउंटर मुंगीचं. शाळा संपली त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "तासभर बस गं इथं." तो तास अजून चालू आहे.

आठवड्यातून तीन संध्याकाळी तेवढी सुटका. कोडिंगचा क्लास. तिथले सर, दाढी मोठी आणि वय लहान, म्हणायचे, "पाठ काही करू नका. गेम बनवा. चुकतमाकत बनवा." मुंगीनं काउंटरवरच्या पावत्यांच्या कॉम्प्युटरवर, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, पहिला गेम केला. एक बेडूक. त्याला उडी शिकवली, पण खाली यायला शिकवायचं राहिलं. बेडूक छतातून वर गेला तो गेलाच. आठवडाभर मुंगीला त्याचा हेवा वाटत होता.

मग कळलं की दिवसभराची बॅच निघतेय. पूर्ण वर्ष, सकाळी नऊ ते सहा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, फी माफ. जागा फक्त पाच. हुकली तर थेट पुढच्या वर्षी. निवड गेमवरून, आणि सरांची अट मोठी खाष्ट. गेम खेळून दाखवायचा तो कधीच न पाहिलेल्या माणसानं. बनवणाऱ्यानं त्याच्या मागे बसायचं, तोंडाला कुलूप लावून. खेळणाऱ्यानं आपणहून 'संपला' म्हणायचं. हे सगळं आवाजासकट रेकॉर्ड करून शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचं.

"तुम्ही काय घरोघरी जाऊन समजावून सांगणार आहात?" सर म्हणाले. "समजावावं लागलं तर गेम कच्चा. एक अक्षर बोललात तर बाद."

बाकीच्यांनी अंतराळ केलं, तलवारी केल्या, सात मजली किल्ले केले. आपल्या मुंगीनं काय केलं असेल? लाँड्री! एक दुकान, काउंटरमागे लाल फ्रॉकवाली चिमुरडी, समोर गिऱ्हाइकं. कपडे द्यायचे आणि दारातून बाहेर पडायचं. तीन महिने खपून तिनं हँगरसुद्धा एकेक करून काढले. कोटाच्या बाहीची सुरकुतीही सोडली नाही.

गुरुवारी दुपारी तिनं बाबांना पडद्यासमोर बसवलं.

"हे बटण दाबलं की कपडे द्यायचे का?"

मुंगी गप्प.

"अगं बोल की. रुसलीस?"

मुंगी गप्प. घरात पाहुणे आल्यावरसुद्धा ही पोर इतकी गप्प बसली नव्हती.

बाबा मात्र रमले. शर्ट दिला, कोट दिला, चित्रातल्या माणसाला "या हं परत" म्हणाले. तास झाला, साठ गिऱ्हाइकं झाली, स्वारी दाराकडे ढुंकून बघेना. शेवटी कंबर धरून उठले. "छान आहे गं. बटण तुटलं म्हणून एकानंही भांडण काढलं नाही."

मुंगीनं रेकॉर्डिंग बंद केलं आणि किंचाळली, "बाबा! बाहेर नाही का जायचं?"

"गिऱ्हाईक उभं असताना?" बाबांना खरंच कळेना.

कपाळाला हात लावून तिनं कोड उघडला, म्हटलं दाराला मोठा बाण तरी काढू. तर काय दिसावं? दाराच्या ओळीत तिनंच लिहून ठेवलं होतं की रांग रिकामी असेल तरच दार उघडेल. आणि रांगेच्या ओळीत, एक गेलं की दुसरं येईल. म्हणजे बाबा दाराशी गेले असते तरी डोकं आपटून परत आले असते. तीन महिन्यांत तिला ते दिसलं नव्हतं, कारण तीही आधी रांग संपवायच्याच मागे असायची. गिऱ्हाईक उभं ठेवून उठून जाता येतं, हे या घरातल्या कोणाच्या डोक्यात येणार? तिनं ती अट पुसली. पुसताना मात्र एकदा मागे वळून पाहिलं, कोणी बघत तर नाही ना.

शुक्रवारी दीड वाजता बँकेतल्या बाई कोट न्यायला आल्या. बाई म्हणजे घाईचा पुतळा, वाक्य पुरं करायलाही थांबत नाहीत. मुंगीनं गयावया करून त्यांना खुर्चीत बसवलं, काउंटरवर बाबांना उभं केलं आणि स्वतः मागे मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली.

"ही कोण, मी? बरं. आणि हे कोण? कपडे मागतायत? मागू देत." आणि लाल फ्रॉकवाली तडक दाराबाहेर! काउंटरशी चार माणसं तशीच उभी.

"अहो बाई, लोक थांबलेत ना!"

बोलली. बोललीच ती. दोन्ही हात तोंडावर दाबले, पण आता काय उपयोग?

"संपला," बाई म्हणाल्या. "माझा कोट?"

झालं, बाद. बाईंनी गेम पाहिला, म्हणजे त्याही बाद. क्लासमधल्या मैत्रिणींनी तर गेममधले हँगर मोजून दिले होते. दुपारभर मुंगीनं येईल त्याला विचारलं. एक काका म्हणाले चष्मा घरी आहे, एक ताई म्हणाल्या गाडी रस्त्यात उभी आहे. पावणेपाच वाजले. तेवढ्यात आई इस्त्रीचे कपडे घेऊन पुढे आली.

"आई, बस इथं."

"मी? अगं टेबलावर शर्ट पडलाय, निळा. इस्त्री गरम आहे. जळेल."

"जळू दे."

हे वाक्य त्या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. आई घाबरून बसलीच. बाबा धावत जाऊन इस्त्री बंद करून आले. मुंगीनं या वेळी धोका पत्करला नाही, कोणाचा तरी धुतलेला रुमाल सरळ तोंडात कोंबला.

आईनं पहिलं गिऱ्हाईक केलं. "घडी नीट नाही हो ही." दुसरं केलं. तिसऱ्याला तिचं बोट हवेतच थांबलं.

"हे दार आहे का गं? उघडं दिसतंय."

रुमाल गप्प.

आईनं एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा पावती फाडत होते. तिनं हळूच बाणाचं बटण दाबलं आणि गेली बाहेर. चार बावन्न! आता एकच शब्द, आई. म्हण.

पण बाहेर काय होतं? काही नव्हतं. मुंगीनं बाहेर काढलंच नव्हतं. दार ओलांडलं की झालं, एवढंच तिला ठाऊक. सगळा पांढरा पडदा, त्यात ती लाल चिमुरडी.

"अगं बाई," आई म्हणाली. "मोकळंच आहे सगळं."

आणि ती चालायला लागली. उजवीकडे गेली, वर गेली, पुन्हा उजवीकडे. पांढरं काही संपेना. मुंगीनं रुमाल चावला. तिला आठवेना, आई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडे शेवटची कधी गेली होती.

"अगं, ऐकलंस का," बाबा काउंटरवरून म्हणाले, "निळा शर्ट कुठंय? माणूस उभा आहे."

"राहू दे जरा उभा," आई मान न वळवता म्हणाली.

चार अठ्ठावन्न. चार एकोणसाठ. मुंगीनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात पाच वाजून गेले होते.

तिनं तोंडातला रुमाल काढला. आता बोललं तरी चालणार होतं. आई, पुढे काही नाही गं, एवढं सांगायला तिनं तोंड उघडलंही.

"सांगू नकोस हं," आई म्हणाली. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती, बोट बाणावर तसंच दाबलेलं. "मला बघू दे. असेल काहीतरी पुढे."

"मुंगी!" बाबांनी हाक मारली. "शर्ट!"

मुंगी गठ्ठ्यावरून उठली, आईच्या खुर्चीला धक्का लागणार नाही अशी अंग चोरून पलीकडे गेली, आणि निळा शर्ट आणायला आत गेली.