घोडीपुढची वरमाय

आमचे हे बाजारात शेळी आणायला गेले आणि घोडी घेऊन आले.

पिकअपमधून आधी हे उतरले, मग ती. तीन वर्षांची, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, आणि पाठीवर माणूस म्हणून कधी बसलेला नाही. "आपल्या सागरच्या लग्नाला घरची घोडी," हे म्हणाले. आमच्या कोल्हारकडे नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो आणि तिथून मांडवात येतो. त्यासाठी सगळं जग घोडी भाड्यानं आणतं, पण ह्यांना घरचीच पाहिजे! उसाला पाणी द्यायचं म्हटलं की ह्यांची कंबर दुखते, म्हशीचं शेण मी काढते, आणि त्यात आता ही पाहुणी. माझं टाळकं असं सरकलं की शेजारपाजारच्यांच्या देखत मी जाहीर करून टाकलं, "लग्नाच्या दिवशी हिनं सागरला पाठीवर घेतलं तर ऱ्हाईल. न्हाईतर दुसऱ्या दिवशी बाजारात."

हेही हट्टाला पेटले. कबूल म्हणाले, आणि खरंच एका व्यापाऱ्याला सांगूनही ठेवलं.

घोडीचं नाव मैना ठेवलं. मग शिकवणी सुरू झाली. ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ शोधले. त्यातला माणूस हळू आवाजात सांगायचा की घोड्याला मारायचं नाही, घाई करायची नाही, त्याचा आपल्यावर विश्वास बसू द्यायचा. (आमच्या लग्नाच्या वेळी असले व्हिडिओ निघाले नव्हते, हे माझं नशीब.) आधी खरारा, मग पाठीवर नुसती चादर, मग कोंड्याचं अर्धं पोतं, मग भरलेलं, आणि सगळ्यात शेवटी माणूस. कागदावर सगळं सोपं होतं. पण ह्यांनी चादर उचलली की मैना जी गोठ्याच्या भिंतीला चिकटायची, ती संध्याकाळपर्यंत सुटायची नाही!

ती फक्त माझ्यापुढं शांत असायची. त्यात माझा काही गुण नव्हता, खायला मी घालत होते. अंगात तोच तो निळ्या फुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल आणि हातात भिजवलेल्या हरभऱ्यांची पाटी. मी दिसले की ती कान टवकारायची. शेवटी असं ठरलं की मी पुढं दोरी धरून उभी राहायचं आणि बोलत राहायचं, मागं ह्यांनी काय ते करायचं.

आता घोडीशी बोलायचं तरी काय? थोडे दिवस नुसतं "हो बाई, हो" केलं. मग जावेची गाऱ्हाणी सांगितली. मग नणंदेची. ती एक कान माझ्याकडं वळवून सगळं ऐकून घ्यायची. आमच्या घरात माझं बोलणं मध्येच न तोडणारी ती पहिलीच! इकडं माझी गाऱ्हाणी रंगात आली आणि तिकडं हिच्या पाठीवर चादर गेली, पोतं गेलं, खोगीर गेलं, तरी हिला पत्ता नाही.

सागर पुण्याहून सुट्टीला यायचा. तो पहिल्यांदा तिच्या पाठीवर नुसता पोटावर आडवा झाला, त्या दिवशी मात्र तिला कळलं. सगळं अंग थरथरायला लागलं. पळाली नाही, माझ्या काखेत नाक खुपसलं आणि तशीच उभी राहिली. मानेवर हात ठेवला तर आतली धडधड माझ्या तळव्याला लागत होती. एवढी घाबरली होती बिचारी, तरी मी म्हणते म्हणून उभी होती. मला भरून आलं. ह्यांना दिसू नये म्हणून मी टॉवेलनं तोंड पुसलं आणि उगाच त्यांच्यावरच ओरडले.

त्या दिवसापासून मैना गेली तर मला घर खायला उठेल, हे माझं मला कळून चुकलं. पण सांगणार कुणाला? अट माझीच होती. मध्ये एकदा तो व्यापारी येऊन तिचे दात बघून गेला. मी त्याला चहा दिला नाही. आमच्या घरात याहून मोठा अपमान नाही.

लग्न जवळ येईपर्यंत सागर तिच्यावर बसून शेताला चक्कर मारायला लागला, अर्थात मी पुढं चालत असले तरच. वाजंत्र्यांना बुजू नये म्हणून हरभरे खाताना तिला मोबाईलवर बँडही ऐकवला. आम्ही सगळ्याचा विचार केला होता. एका गोष्टीचा सोडून!

लग्नाच्या दिवशी मी पैठणी नेसले, नथ घातली, गजरा माळला, वर जावेनं अत्तर शिंपडलं. वरमाय होण्याची हौस आयुष्यात एकदाच पुरवता येते, त्यात मी काही कमी ठेवलं नव्हतं. अंगणात बँड सुरू झाला. फेटा बांधलेल्या सागरनं रिकिबीत पाय घातला आणि मी ऐटीत पुढं होऊन दोरी धरली.

मैनेनं माझ्याकडं पाहिलं आणि ती चार पावलं मागं सरली. सागर एका पायावर नाचत तिच्यामागं.

"मैने, मी हाय गं," मी म्हटलं. आवाज ओळखीचा वाटला असावा. तिनं मान पुढं केली, अत्तराचा वास घेतला आणि माझ्या पैठणीवर जोरात शिंकली. पुन्हा मागं. बँडवाल्यांनी तेच गाणं परत सुरू केलं. दीर म्हणाले, भाड्याची घोडी बोलवा. आणि जेवायला म्हणून आलेला तो व्यापारी फाटकाशी उभा राहून हसत होता.

हे जवळ गेले आणि तिच्या गळ्यातली घुंगरं सोडायला लागले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "तिला तरास नको." मला काही ते बघवेना.

मी दोरी टाकली, तारेवर वाळत घातलेला गाऊन ओढून पैठणीवरून चढवला आणि खांद्यावर टॉवेल टाकला. नथ अडकून निघाली, गजरा सांडला. जाऊ ओरडली, "अगं, वरमाय हायेस तू!"

"असंन," मी म्हटलं. "पण मैना जायला नको मला."

अख्ख्या भावकीनं ऐकलं. ह्यांनी पण ऐकलं. मैना मात्र गाऊन बघून सरळ आली आणि माझ्या काखेत नाक खुपसून उभी राहिली. सागर बसला. मग पुढं बँड, मध्ये गाऊन आणि टॉवेलातली मी, मागं घोडीवर नवरदेव, अशी आमची मिरवणूक मारुतीला जाऊन थेट लग्नाच्या मांडवाच्या दारात पोचली.

दारात मुलीचे थोरले मामा मानपान करायला उभे होते. साखरपुड्याला ते आले नव्हते, त्यामुळं मला ओळखत नव्हते. त्यांनी सागरला हार घातला, ह्यांना फेटा बांधला आणि विचारलं, "वरमाय मागं ऱ्हायल्या व्हय?" कुणी उत्तर द्यायच्या आत ते माझ्याकडं वळले. घोडीवाल्याचा मान म्हणून माझ्या हातात नारळ आणि टॉवेल-टोपी ठेवली.

"लई बेस चालवली," ते म्हणाले. "घोडी कुणाची म्हणायची?"

"माझी," मिरवणुकीमागं आलेल्या त्या व्यापाऱ्याला ऐकू जाईल असं मी ठणकावून सांगितलं.

नवरदेव कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही!