बोटीच्या ट्रेलरचं चाक

खंडेनवमीला बचावपथकाच्या बोटीचा ट्रेलर पुजायच्या आधी मी त्याची चाकं खोलतो. जुन्या ग्रीसचा वास आला, की तो पूर आठवतो. त्याच्या आदल्या खंडेनवमीला आम्ही ट्रेलर धुऊन हार घातला होता. बेअरिंग मात्र कुणी बघितलंच नव्हतं. आत पाणी शिरून ते गंजलं आणि ऐन पुरात, वाटेतच चाक जाम झालं.

"आता खांद्यावर घ्यायची की!" पथकातला दत्तूदा ओरडला. आठ जणांनी बोट वाहून नेली.

आम्ही पोचलो तेव्हा पुरात अडकलेली, छपरावर बसलेली म्हातारी म्हणाली, "लई येळ लावलासा, पावणं." तिच्या हातातल्या दाव्याला म्हैस उरली नव्हती, ती वाहून गेली होती.

गावानं पाठ थोपटली. खांद्यावरचे वळ मी घरोघरी दाखवत फिरलो. आता हात थकलेत. ग्रीस भरताना ते वळ आठवत नाहीत, ते दावं आठवतं.