आईनं रचलेला काठ

तेरणेचा पूर ओसरला आणि आईनं टुमणं लावलं, "मला पुलाकडं ने." मी तेव्हा धाराशिवला मास्तरीण होते. दोन रविवार चालढकल केली. खरं तर मला भीती वाटत होती.

बाहत्तरच्या दुष्काळात आई त्या पुलावर कामाला होती. जुना पूल, त्यावरूनच छोटी रेल्वे जायची आणि त्यावरूनच बैलगाड्या. रेल्वे आली की फाटक बंद, गेली की उघडं. दोन्ही काठांच्या उतारावर दगड बसवायचे होते. अलीकडच्या काठावर आईची बायकांची टोळी होती. शेतात दगडी ताल, म्हणजे बांध, रचतात तसाच त्यांनी काठ रचला: दगडाचं बारीक तोंड बाहेर, लांब शेपूट मातीत, फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकलेल्या. मुकादमाला रुंद तोंडं बाहेर हवी होती, दिसायला सपाट. "ए, चूल मांडलीस व्हय गं? पहिल्याच पुरात जाईल समदं," तो चारचौघांत म्हणाला. पलीकडचा काठ त्यानं स्वतःच्या मनासारखा करून घेतला.

पण पूर यायला नदीत पाणी तर हवं! वर्षानुवर्षं तेरणेनं निकाल लावलाच नाही. आई मात्र सांगत सुटायची, "माझा काठ न्हाय हलायचा." आता तिचं हसं झालं तर?

पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. आई कसली थांबते! लुगडं खोचून उतारावर उतरलीसुद्धा. वरून रेल्वे खडखडत गेली, तेव्हा तिचा तळवा दगडावर टेकलेला होता.

"हलला का गं?"

"न्हाय, माय!" मी ओरडले. एक चीपही निसटली नव्हती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

फाटक उघडल्यावर सोसायटीच्या खताच्या बैलगाड्यांमागून आम्ही पलीकडं गेलो. तिथले दगड घसरून पार पात्रात गेले होते. डागडुजीच्या टोळीवर तोच मुकादम पाठमोरा उभा होता, केस पांढरे झालेले; आईनं आवाजावरून ओळखला. बायकांवर ओरडत होता, "रुंद तोंड नगं! बारीक तोंड भाईर, शेपूट आत. ताल रचल्यागत रचा!"

आई मागून म्हणाली, "अन् चिपा, मुकादम?"

तो वळला. त्यानं आईला ओळखलं. मग बाजूला सरला.

"या बाई. तुम्हीच दाखवा."

आईनं पुन्हा लुगडं खोचलं आणि त्याच्याच हातातला हातोडा घेतला. त्या दिवशी आमची शेवटची एसटी चुकली. चुकू दे म्हटलं.